मुक्त ज्ञानकोशाचे संपादन आणि महापदेसांची कसोटी

मराठी कोशवाङ्मयाचा विचार करताना नागपूरचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कार्य याच नगरात आरंभिले व पुढे ते पुण्यास नेले. त्या कोशाचे २३ खंड प्रसिद्ध झाले. त्यांतील चौथ्याचे नावच ‘बुद्धोत्तर जग’ असे आहे. नंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. या दोन्ही कोशांचे लेखक निवडलेले होते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने मात्र लेखनाचा अधिकार सर्वांनाच दिला. येथे कोणीही वाचक नवा लेख लिहू शकतो वा दुसऱ्याचा लेख सुधारू शकतो. त्यासाठी मानधन नाही आणि लेखाच्या शिरोभागी लेखकाचे नावही नसते.

जेथे कोणीही लिहू शकतो, तेथे विश्वास कशावर ठेवावा, असा प्रश्न अभ्यासक विचारतात. त्याचे उत्तर त्या कोशाच्या रचनेत आहे. प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ जोडलेला असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला याची नोंद त्यात राहते व चुकीचा बदल मागे घेता येतो. मतभेद झाल्यास ‘चर्चा’ पानावर वाद मांडला जातो. याशिवाय तीन मूलभूत नियम आहेत : विधान प्रकाशित व विश्वसनीय आधारावर पडताळता आले पाहिजे; मांडणी तटस्थ असली पाहिजे; आणि लेखकाने स्वतःचे अप्रकाशित संशोधन तेथे मांडू नये.

पालि साहित्याच्या वाचकास हा विचार अपरिचित नाही. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी भोगनगर येथे चार महापदेस सांगितले आहेत. कोणी भिक्खू ‘हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले’ असे म्हणाला, अथवा संघाचा, बहुश्रुत थेरांचा किंवा एका थेराचा हवाला देऊ लागला, तरी ते वचन एकदम स्वीकारू नये आणि एकदम धिक्कारूही नये. सुत्त व विनय यांच्याशी ते ताडून पाहावे, असा त्याचा आशय आहे. सांगणाऱ्याच्या थोरवीपेक्षा पडताळणी श्रेष्ठ, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. भेदही ध्यानात घ्यावा. महापदेसांचा हेतू सद्धम्माचा निर्णय करणे हा आहे. ज्ञानकोश असा निर्णय देत नाही, कोणी काय प्रतिपादिले एवढेच तो नोंदवितो.

आपल्या प्रदेशाविषयी लिहिताना या नियमांची खरी परीक्षा होते. रामटेकजवळील मनसरचे उदाहरण घेऊ. तेथे १९९८ पासून जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. या स्थळाचा संबंध आचार्य नागार्जुनांशी जोडणारी परंपरा नागपूर परिसरात दृढ आहे. उलट, हान्स बाकर यांच्यासारखे अभ्यासक ‘प्रवरेश्वर’ हे नाव असलेल्या मुद्रांच्या आधारे येथे वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे प्रवरपूर व शिवमंदिर मानतात. वा. वि. मिराशी यांनी तर प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार असे प्रतिपादन केले होते. अशा स्थळावर लिहिणाऱ्या बौद्ध संपादकाने काय करावे? प्रत्येक मत त्याच्या प्रतिपादकाच्या नावाने व आधारासह द्यावे. स्वतःला प्रिय असलेले मत तेवढे ठेवून बाकीची पुसल्यास दुसरा कोणी आपले मत पुसणारच. आणि त्या ओढाताणीत हानी मनसरची होते.

दुसरी अडचण भाषेची आहे. पुष्कळ मराठी लेख इंग्रजीवरून भाषांतरित होतात. भंडारा जिल्ह्यातील वैनगंगाकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन प्राचीन स्तूपांचे अवशेष उजेडात आले. इंग्रजी अहवालातील या गावाच्या नावाचे वर्ण जसेच्या तसे मराठीत उतरविले तर ‘पौनी’ होते आणि गावच्याच माणसाला आपले गाव ओळखता येत नाही. पालि विशेषनामांचीही हीच गत होते. असे दोष स्थानिक जाणकारच दूर करू शकतो. त्यासाठी मोठ्या विद्वत्तेची नव्हे, सातत्याची आवश्यकता आहे.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेच्या स्थूल घटना ग्रंथांत नोंदविलेल्या आहेत. परंतु त्यानंतर वस्तीवस्तीत विहारे कशी उभी राहिली, जागा कोणी दिली, पहिले वंदनापठण कोणी शिकविले, हे बहुतांशी वृद्धांच्या स्मरणातच आहे. ज्ञानकोशाला स्मरण हा आधार चालत नाही. त्या दिवशी जे तरुण होते ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्यामागे आधार देण्याजोगे काही उरणार नाही.

म्हणून या कार्याचा आरंभ संगणकासमोर होत नाही. विहारांच्या जुन्या कार्यवृत्तांचे जतन करावे, वृद्धांच्या मुलाखती तारखेसह लिहून घ्याव्यात, त्या अन्य साधनांशी ताडून नियतकालिकांतून व ग्रंथांतून प्रसिद्ध कराव्यात. त्यानंतरच ज्ञानकोशात त्यांचा हवाला देता येईल. आणि तो हवालाही शक्यतो त्या संस्थेशी संबंध नसलेल्या संपादकाने द्यावा, म्हणजे तटस्थतेला बाधा येणार नाही. पालि व इतिहास विषयांच्या विद्यार्थ्यांनी एकेका गावाचे, एकेका स्थळाचे दायित्व घेतल्यास विदर्भाच्या बौद्ध इतिहासाची साधार नोंद पुढील पिढीच्या हाती देता येईल.