'चार नंबर, जैन!'

हिवाळ्याचे दिवस होते आणि सूर्यास्ताला जेमतेम पाऊण तास उरला होता. जळोचीतील एका उपाहारगृहात बारामतीचे एक व्यापारी कुटुंब भोजनास बसले होते. सोबत आजी होत्या. त्यांचा चौविहाराचा नियम कित्येक वर्षांचा. वेटरने मागणी लिहून घेतली, भटारखान्याच्या खिडकीशी कागद अडकवला आणि आत आवाज दिला, "चार नंबर! दोन पनीर, एक दाल, सगळं जैन!"

भट्टीवरच्या कारागिराने "हां" म्हटले आणि हाताच्या सवयीने पांढऱ्या ग्रेव्हीच्या डब्यात पळी बुडवली. शेजारी काकडी चिरत बसलेला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा ओरडला, "वस्ताद, सफेद नाही! जैन आहे, जैन!" पळी डब्यातच राहिली. कढई खाली उतरली, दुसरी धुतलेली कढई चढली. बाहेर बसलेल्यांना यातले काहीच कळले नाही. बिल घेताना मालकाने ही गंमत हसत हसत सांगितली, तेव्हा आजींच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हते. एका पोराचे लक्ष नसते, तर इतक्या वर्षांचा नियम त्यांच्या नकळत मोडला असता.

पांढरी ग्रेव्ही म्हणजे काजूची, तेव्हा तीत कांदा नसणारच, असा पुष्कळ गृहिणींचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. मोठ्या उपाहारगृहांत सकाळीच तीन प्रकारच्या ग्रेव्ही करून ठेवतात: लाल टोमॅटोची, पिवळी परतलेल्या कांद्याची आणि पांढरी. या पांढरीत काजू किंवा मगज यांच्या जोडीला बहुधा उकडलेला कांदा वाटलेला असतो. रंग दिसत नाही आणि वासही दबून जातो. शिवाय आले आणि लसूण यांचे वाटण एकाच डब्यात असते. त्यातून लसूण वेगळा काढणे कोणत्याही वस्तादाला शक्य नाही. म्हणून जैन पदार्थ म्हणजे नेहमीच्या पदार्थातून कांदा 'काढून टाकलेला' पदार्थ नव्हे. तो पहिल्या चमच्यापासून वेगळा करावा लागतो, आणि तो वेगळा होणार की नाही हे खिडकीतून आत गेलेल्या एका शब्दावर ठरते.

या शब्दांचे एक स्वतंत्र जग आहे. बाजारपेठेत वाढलेल्या वाचकांना त्याचे नवल वाटू नये, कारण व्यापाऱ्यांनीही आपल्या सांकेतिक बोली जपल्या. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे सौदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते ठाऊक आहे. फरक एवढाच की, व्यापाऱ्याची खूण तिसऱ्याला कळू नये यासाठी असते आणि भटारखान्यातली हाक सर्वांना एकाच क्षणी कळावी यासाठी असते.

तेथे माणसाला नाव नसते. गिऱ्हाईक म्हणजे टेबलाचा आकडा, आणि कामगार म्हणजे त्याचे काम: भट्टीवाला, तंदूरवाला, चायनीजवाला, हेल्पर. मुख्य आचारी हा वस्ताद किंवा मास्तर. मिठाई करणारा कारागीर. गुजराती-मारवाडी घरांतील 'महाराज' हा आदरवाचक शब्द मात्र हॉटेलात फारसा पोहोचला नाही. तो लग्नकार्याच्या मांडवातच राहिला. मिसळीच्या दुकानात 'कट', 'तर्री' आणि 'सॅम्पल' यांतला भेद न जाणणारा मुलगा दोन दिवसही टिकत नाही. मुंबईच्या इराणी हॉटेलांनी 'पानी कम' हा दाट चहा आणि 'खडा चमच' हा चमचा उभा राहील इतका गोड चहा रूढ केला. अर्धा कप 'कटिंग' झाला आणि चहा-कॉफीच्या मिश्रणाला कोणा विनोदी माणसाने 'मारामारी' हे नाव दिले. माटुंग्यात 1942 मध्ये ए. रामा नायक यांनी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. अशा उडुपी उपाहारगृहांबरोबर कन्नड-तुळू बोलणारे आचारी आले आणि त्यांची भाषाही भटारखान्यात शिरली. आज तालुक्याच्या गावीही भट्टीपाशी बिहार, ओडिशा, नेपाळ येथील मुले असतात. त्यामुळे एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी सुखाने नांदतात.

यातल्या काही हाका जिवाशी निगडित आहेत. उकळत्या तेलाची कढई उचलून वळणारा माणूस "गरम, गरम, गरम!" असे तीनदा म्हणतो, कारण पंख्याच्या आणि बर्नरच्या आवाजात पहिला शब्द ऐकू येईलच असे नाही. "साईड!" म्हणजे वळून पाहू नका, आहात तिथून बाजूला व्हा. "पीछे!" म्हणजे पाठीमागे मी आहे, पाऊल मागे घेऊ नका. ओल्या फरशीवर, चिंचोळ्या जागेत, सुऱ्या आणि वाफा यांच्यामध्ये एवढ्या शब्दांवर माणसांची कातडी सुरक्षित राहते. नव्या पोराला पदार्थ शिकवण्याआधी हे शब्द शिकवणारा वस्ताद शहाणा म्हणायचा.

युरोपातील मोठ्या हॉटेलांत मागणी मोठ्याने पुकारण्यासाठी स्वतंत्र माणूस असे. 1870 च्या युद्धात फ्रेंच सैन्याचा आचारी म्हणून राबलेले ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी पुढे लष्कराच्या धर्तीवर भटारखान्यातील कामाची विभागणी केली. त्यांनी शिवीगाळ आणि मद्यपान यांना मज्जाव केला आणि भट्टीपाशी तापलेल्या माणसांसाठी जवाचे पेय ठेवले. पाश्चात्त्य भटारखान्यांत आजही हुकूम मिळाला की 'ऐकले' असे मोठ्याने सांगावे लागते. बँकेच्या रोख खिडकीवर रोखपाल रक्कम उच्चारून नोटा हाती देतो, त्यातला हेतू हाच. आपल्याकडच्या "हां"मध्ये तो पुरावा नाही. चार नंबरच्या वेळी वस्तादाने "हां" म्हटलेच होते! त्याने "चार नंबर, दोन पनीर जैन" असे परत उच्चारले असते, तर हात पांढऱ्या डब्याकडे कदाचित गेलाही नसता.

जैन घरातून येणाऱ्या माणसाला या बोलीतली एक गोष्ट मात्र खटकते. तिथे सगळे 'मारले' जाते. तडका मार, लिंबू मार, बटर मारून दे, टेबलाला फडका मार. कुणाच्या मनात हिंसा नसते, हे खरे. पण आपल्या घरांत भाजी 'कापतात' असे म्हणायचीही चोरी. गुजराती घरात ती 'समारतात', हिंदी-मारवाडी बोलणाऱ्या घरात 'सुधारतात'. मराठी मुलखाने या सौम्य शब्दांत आपली भर घातली: दुकान बंद न करता 'वाढवायचे', नारळ न फोडता 'वाढवायचा', डब्यातले तांदूळ संपले तर 'वाढले' म्हणायचे. हॉटेलात पोहे संपले की थेट 'खलास'. मुनींच्या पाच समितींत भाषा समितीला स्थान आहे. श्रावकाला ती पूर्ण पाळणे कठीण असले, तरी तिचा शिडकावा आपल्या स्वयंपाकघरावर झालेला आहे. दिगंबर परंपरेत मुनींना आहारासाठी पाचारण करताना मन, वचन, काया आणि आहार-जल शुद्ध असल्याचे श्रावक मोठ्याने सांगतो. अन्नाची हमी तोंडी द्यायची आणि ती देणाऱ्याने पाळायची, ही प्रथा आपल्याकडे कोणत्याही उपाहारगृहाहून जुनी आहे.

अडचण येते ती आपला शब्द त्यांच्या बोलीत गेला की आक्रसतो त्यामुळे. भटारखान्यात 'जैन' म्हणजे कांदा-लसूण नाही, एवढेच. बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओले आले हे कंदमूळही वर्ज्य आहे, हे निम्म्या आचाऱ्यांना सांगावे लागते. यात त्यांचा दोष थोडा आहे. स्वामीनारायण पंथीयांना कांदा-लसूण चालत नाही पण बटाटा चालतो. काही जैन कुटुंबेही बाहेर बटाटा खातात. वेटरने काल एका टेबलावर पाहिलेला जैन आज दुसऱ्या टेबलावर निराळा असतो. मुंबईच्या पावभाजीवाल्यांनी बटाट्याऐवजी कच्चे केळे वापरून हा प्रश्न चतुराईने सोडवला, पण तवा तोच असेल आणि कालथा तोच असेल तर केळ्याने काय साधणार? विमान कंपन्यांनी जैन भोजनासाठी 'व्हीजेएमएल' अशी चार अक्षरांची खूण ठरवली आहे. जमिनीवरच्या उपाहारगृहात अशी खूण नाही. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याने शाकाहार कळतो, कंदमूळ कळत नाही.

'उपवास' या शब्दाची गत त्याहून गमतीची. "आज माझा उपवास आहे" असे एखाद्या श्राविकेने सांगावे आणि मुलाने तत्परतेने बटाटा घातलेली साबुदाण्याची खिचडी आणून ठेवावी! जैन उपवासात अन्न नसतेच. घेतले तर सूर्यास्तापूर्वी उकळलेले पाणी. आयंबिल म्हणजे एकाच वेळी घ्यायचे, तूप-तेल-दूध-साखरेविना शिजवलेले अळणी धान्य. हे तर सांगायलाही कठीण. 'गरम पाणी' मागितले तर कोमट पाणी येते. आपल्याला हवे असते ते 'पक्के', म्हणजे उकळून घेतलेले. पण 'पक्के पाणी' हा आपला शब्द झाला, वेटरच्या कोशात तो नाही.

तेव्हा ज्यांचा नियम कडक आहे, त्यांनी एका शब्दावर विसंबण्यात अर्थ नाही. कांदा, लसूण, आले, बटाटा अशी नावे घेऊनच सांगावे. ग्रेव्ही कशाची हे विचारावे. कढई आणि पळी धुतलेली हवी हेही सांगावे, आणि ते गर्दी होण्यापूर्वी. रात्री आठनंतर कोणताही भटारखाना असे बारकावे लक्षात ठेवू शकत नाही. चौविहार करणाऱ्यांची वेळ आपोआपच लवकरची असते, हा त्यांचा लाभ. विचारताना आवाज चढवू नये. तापलेल्या भट्टीपुढे दहा तास उभ्या असलेल्या माणसाला ग्राहकाचा चढा स्वर नकोसा होतो आणि त्याचे फळ ताटात उतरते.

चार नंबरवरच्या त्या आजी त्या दिवशी उठताना खिडकीपाशी गेल्या होत्या. त्यांनी पोराला बोलावून विचारले, "तुला कसं रे ठाऊक, सफेद ग्रेव्हीत कांदा असतो ते?" तो म्हणाला, "रोज सकाळी मीच सोलतो ना, आजी." मग थोडे थांबून त्याने विचारले, "आलं पण नाही चालत?" ओले नाही, सुंठ चालते, असे आजींनी सांगितले. पंधरा दिवसांनी ते कुटुंब पुन्हा तेथे गेले, तेव्हा खिडकीच्या आतल्या भिंतीवर खडूने वाकड्या अक्षरांत लिहिलेले होते: कांदा, लसूण, आलं, बटाटा, गाजर, मुळा, बीट. आणि खाली, कंसात, सुंठ चालेल.