भांगाच्या पाण्यातील तांबोसा

खाडीच्या कडेला ज्यांची खाजणे आहेत, त्यांस बांधाची डागडुजी, उघाडीची झडप आणि भाताचे पीक यांपलीकडे पाहण्यास सवड क्वचितच सापडते. तथापि त्याच उघाडीच्या तोंडाशी, कमरेइतक्या पाण्यात, तांबोसा हा उत्तम खाण्याचा मासा वावरत असतो. तो गरीने धरण्याची विद्या कठीण नाही; ती केवळ वेळ साधण्याची आहे.

पुष्कळ लोक उधाणाच्या दिवशी गरवावयास जातात. पाणी फार चढते, तेव्हा मासाही फार येत असेल, अशी त्यांची समजूत. आमच्या मते ती चुकीची होय. मुंबई बंदरात उधाणास पाणी सरासरी सुमारे ३.५ मीटर चढते-उतरते, भांगास अवघे १.५ मीटर. उधाणाच्या ओढीत तांबोसा दगडांच्या व कांदळाच्या मुळांच्या आडोशास दबून राहतो. शिवाय जड शिशावाचून गरी ठरत नाही, आणि जड शिसे मुळांत अडकते. आम्ही स्वतः अशी कित्येक शिशी खाडीस अर्पण केली आहेत! ओढ मंदावली की तोच मासा आडोसा सोडून कोळंबी, खेकडे व लहान मासे शोधीत उथळात शिरतो.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास, हा आपल्या किनाऱ्यावरील जुना आडाखा वाचकांस ठाऊक आहेच. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर धरावा. तांबोसा मुख्यत्वे रात्री चरतो. म्हणून अष्टमी ते दशमी या दिवसांत मंद पाणी आणि तिन्हीसांज यांची जी गाठ पडते, ती पंधरवड्यात पुन्हा पडत नाही.

भरती थांबून ओहोटी लागेपर्यंतचा काळ साधावा. जिवंत कोळंबी शेपटीकडून गरीस लावून, शिसे अगदी हलके ठेवून, ती पाण्याबरोबर सावकाश वाहू द्यावी. बांधावर पाय आपटू नये, विजेरी पाण्यावर फिरवू नये. मासा लागताच तो मुळांकडे धाव घेतो, व तेथील कालवांच्या धारेने दोर तुटतो. यास्तव दोर जाड असावा आणि पहिल्याच झटक्यास माशाचे तोंड मोकळ्या पाण्याकडे वळवावे. त्याचे दात तीक्ष्ण असतात, म्हणून तोंडात बोट घालू नये.

खाडीत मिळणारे तांबोसे बहुतांशी पोरवयाचे असतात; वाढलेला मासा खोल समुद्रात खडकांवर जातो व तेथे वितो. उघाडीस बारीक आसाचे जाळे बांधणारे आमचे काही शेतकरी बंधू वीतवीतभर पिल्ले टोपलीने काढतात, हे आम्हांस मुळीच पसंत नाही. अंगावर फिकट उभे पट्टे व गालावर निळी रेघ दिसली की पिल्लू ओळखावे. त्याच्या घशात गरी खोल गेली असल्यास ती उपटू नये. दोर तोंडाजवळ कापून मासा ओल्या हातानेच पाण्यात सोडावा.