लाडू चाळीस दिवसांपुरताच का?

रमजानच्या दिवसांत असरची नमाज झाली की लातूरच्या गंजगोलाईत पाय ठेवायला जागा उरत नाही. १९१७ मध्ये उभी राहिलेली ही गोल इमारत, मधोमध जगदंबेचे मंदिर आणि भोवताली फुटणारे सोळा रस्ते. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. एका रस्त्याला सोने, एकीकडे चपला, कुठे मिरची, तर कुठे गूळ. रोजा सोडायला तास-दीड तास उरलेला असतो आणि पिशव्या भरत असतात. खजूर, टरबूज, भजी, समोसे, जिलेबी, शेवया, मैद्याची बिस्किटे, रंगीत सरबताच्या बाटल्या. नांदेडमध्ये देगलूर नाका आणि इतवारा भागात याच वेळी हेच दृश्य असते. या गर्दीत रोजा असलेले असतात आणि गरम जिलेबीसाठी आलेले शेजारीही असतात.

या पिशवीत बहुधा सगळे असते, एक सोडून. आणि जे नसते ते याच शहराच्या मोंढ्यात पोत्यांनी पडलेले असते. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या व्यापारासाठी लातूरचे नाव राज्यभर घेतले जाते. इथल्या डाळ मिलमधली डाळ दूरदूर जाते. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सोयाबीनची गोष्ट तर आणखी मजेशीर. कारखान्यात त्यातून १८-२० टक्के तेल निघते आणि उरलेली प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. म्हणजे मराठवाड्याच्या काळ्या मातीत पिकलेली प्रथिने कोंबडीच्या वाट्याला आणि शेतकऱ्याच्या लेकराच्या हातात मैद्याचे बिस्किट!

दोन जेवणांचा हिशेब

रोजात खाण्याच्या वेळा दोनच, पहाटेची सहरी आणि सूर्यास्ताची इफ्तार. मध्ये तेरा-चौदा तास अन्नही नाही आणि पाणीही नाही. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो दहावी-बारावीच्या परीक्षांच्या हंगामात येतो आहे. 'लातूर पॅटर्न'च्या गावात रोजा ठेवून पेपर लिहिणारी, शिकवणीला जाणारी मुले-मुली घरोघरी आहेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. आता सहरीला चहा आणि टोस्ट, इफ्तारला खजूर, भजी, सरबत आणि जिलेबी, मग तरावीहनंतर थोडा भात, असा दिवस गेला तर हा आकडा गाठायचा कसा? मैदा आणि साखर पोटात लवकर पचतात, साखर झपाट्याने चढते आणि तितक्याच वेगाने उतरते. प्रथिने आणि थोडी स्निग्धता सोबत असली की अन्न पोटात जास्त वेळ टिकते. सहरीला चहा-टोस्ट खाणाऱ्याला सकाळी दहालाच भूक लागते. डाळ, दूध, दाणे खाणाऱ्याची दुपार तुलनेने सुखाची जाते.

एकादशी करणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. खिचडीत जो जीव असतो तो दाण्याच्या कुटाचा!

हलवा आणि पुरण: एकाच डाळीची लेकरे

गोड पदार्थ पौष्टिक करण्यासाठी महागडा डबा किंवा 'प्रोटीन बार' आणायची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरांना हे शहाणपण जुन्या काळापासून आहे. शब-ए-बरातला मुस्लिम घरांत चण्याच्या डाळीचा हलवा होतो. होळीला शेजारच्या घरी पुरण शिजते. एकीकडे तुपात परतून वडी पाडतात, दुसरीकडे गूळ घालून पोळीत भरतात, पण मुळात दोन्हीकडे हरभऱ्याची डाळच. आणि दख्खनच्या मुस्लिम घरांत तर 'पूरनपुरी' या नावाने पोळीही होते.

त्याहून मोठे शहाणपण बाळंतिणीच्या खोलीत आहे. बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस, ज्यांना मुस्लिम घरांत 'चिल्ला' म्हणतात आणि हिंदू घरांत सव्वा महिना पाळतात, त्या दिवसांत घरातली म्हातारी माणसे बाईच्या ताटाकडे डोळ्यांत तेल घालून बघतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, सुकामेवा घातलेला गरम हरीरा. तूप किती, दूध किती, सगळे मोजून. बाईच्या अंगात पुन्हा ताकद भरायची असेल तर गोडातूनही ती भरता येते, हे आपल्या आज्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होते.

पण एकेचाळिसाव्या दिवशी लाडवाचा डबा बंद होतो. त्यानंतर तीच बाई पुन्हा सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसते. रमजानमध्ये तर ती सगळ्यांच्या आधी उठते, सहरी रांधते, दिवसभर रोजा ठेवते, दुपारपासून इफ्तारच्या तयारीला लागते आणि अजान झाली तरी तिचा एक हात कढईवरच असतो. ज्या दिवसांत तिला रोजा माफ असतो, त्या दिवसांतही घरच्यांसमोर कसे खायचे या संकोचाने अनेकजणी उपाशीच राहतात. धर्माने सवलत दिली आणि संकोचाने ती काढून घेतली, असाच हा प्रकार. मग तो डबा चाळीस दिवसांपुरताच का? तो बाराही महिने फळीवर का नसावा?

डाळव्याचा लाडू

दोनशे ग्रॅम डाळवे, म्हणजे फुटाण्याची डाळ, किंचित गरम करून मिक्सरमधून बारीक करावी. शंभर ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालपटे काढून जाडसर कुटावेत. पन्नास ग्रॅम तीळ भाजून घ्यावेत. दीडशे ग्रॅम बिया काढलेला खजूर दोन चमचे तुपात परतून मऊ करावा. सगळे एकत्र मळून, वेलदोड्याची पूड घालून वीस लाडू वळावेत. साखर नाही, पाक नाही, त्यामुळे पाक बिघडण्याची भीतीही नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस टिकतात.

एका लाडवात सुमारे चार ग्रॅम प्रथिने येतात. दोन लाडू आणि पेलाभर दूध घेतले तर चौदा ग्रॅमपर्यंत मजल जाते, म्हणजे ५५ किलोच्या बाईच्या दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा जवळपास भागतो. तीळ केवळ चवीपुरते नाहीत. डाळींत मेथिओनीन नावाचा प्रथिनांचा एक घटक कमी असतो. तो तिळात भरपूर असतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये डाळ आणि रोटी एका ताटात येतात, त्यातही हेच गणित आहे. गव्हात जे कमी असते ते डाळ भरून काढते आणि डाळीत जे कमी असते ते गहू.

कमी गोडाचा हलवा

पाव किलो हरभरा डाळ चार तास भिजवून अर्धा लिटर दूध आणि पेलाभर पाण्यात मंद आचेवर शिजवावी. दूध आटून डाळ बोटाने चेपली जाईल इतकी मऊ झाली की वाटून घ्यावी. जाड बुडाच्या कढईत चार मोठे चमचे तूप घालून ती खमंग वास सुटेपर्यंत परतावी. इथे घाई चालत नाही. हलव्याची सगळी चव या वीस मिनिटांत असते. नेहमी डाळीच्या बरोबरीने साखर पडते. त्याऐवजी कोमट दुधात भिजवून वाटलेला दीडशे ग्रॅम खजूर घालावा. कढईच्या कडा सुटल्या की ताटात थापून वीस वड्या पाडाव्यात. एका वडीत तीन ग्रॅमहून थोडी जास्तच प्रथिने येतात. दूध असल्याने फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवाव्यात. अर्थात तशी वेळच येत नाही!

सहरीसाठी सातू आणि अर्धापूरचे केळे

पहाटे चारला भूक नसते, लाडूही घशाखाली उतरत नाही. अशा वेळी आजोळचे सातूचे पीठ आठवावे. भाजलेला गहू आणि डाळवे यांचे हे पीठ दुधात कालवले की शिजवायचे काहीच उरत नाही. एरवी त्यात गूळ पडतो. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरची केळी घरात असतील तर गुळाचीही गरज नाही. एक पिकलेले केळे कुस्करावे, चार मोठे चमचे सातू आणि पेलाभर दूध किंवा दही घालावे. शिकरणाची ही थोरली बहीण पाच मिनिटांत तयार होते. पेपरला जाणाऱ्या मुलीसाठी याहून सोपी सहरी नाही. सोबत पाणी मात्र भरपूर प्यावे.

सोयाबीन घरात आणताना

सोयाबीनमध्ये प्रथिने जवळपास ४० टक्के, कुठल्याही डाळीपेक्षा जास्त. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या 'एमएयूएस ७१'सारख्या वाणांनी हे पीक मराठवाड्यात रुजवले, पण ते घराच्या उंबऱ्याआत फारसे आले नाही. एक कारण त्याचा उग्र वास आणि दुसरे म्हणजे कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो. उष्णतेने तो निष्प्रभ होतो. म्हणून सोयाबीन कच्चे दळून कधीही खाऊ नये. निवडलेले दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावेत, पाणी टाकून द्यावे, उन्हात कडकडीत वाळवावेत, मंद भाजावेत आणि मगच दळावेत. वरच्या लाडवात दोनशेतले पन्नास ग्रॅम डाळवे काढून तेवढे हे पीठ घातले तर चव फारशी बदलत नाही आणि प्रथिने वाढतात. गव्हाच्या नऊ किलोंत एक किलो असे सोयाबीन दळले तर रोजची पोळीही सुधारते.

गोड ते गोडच

एक गैरसमज दूर करायला हवा. गूळ, मध आणि खजूर म्हणजे 'साखर नाही' असे नव्हे. खजुरात तंतू आणि खनिजे असतात हे खरे, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. गूळ आणि मधही याच हिशेबात धरतात. तेव्हा पौष्टिक आहे म्हणून पाच लाडू, असे चालणार नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी रोजा आणि आहार, दोन्हींबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे. आजारी माणसाला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे. शेंगदाणा घेताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकावेत, कारण त्या बुरशीचे विष भाजूनही पुरते जात नाही. आणि बाजारातला बार घ्यायचाच असेल तर वेष्टन उलटून बघावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा ग्लुकोज सिरप दिसले तर ती महाग चॉकलेटच समजावी.

महिना संपता संपता चाँदरात येईल. शीर म्हणजे दूध आणि खुरमा म्हणजे खजूर. ईदचा शीरखुरमाही मुळात या दोन सकस गोष्टींचाच, शेवया आणि साखर सोबतीला. त्या दिवशी तो शेजारच्या घरी जाईलच, जसा दिवाळीचा फराळ तिकडून येतो. यंदा त्या वाटीसोबत दोन डाळव्याचे लाडू जावेत. शेजारीण विचारेल, "भाभी, पाक कसा केलात?" आणि पाक नाहीच हे ऐकून ती कागद-पेन घेऊन बसेल.

पण त्याआधी एक काम आजच्या इफ्तारलाच करता येईल. अजान होताच पहिला खजूर आणि पहिला लाडू, कढईजवळ उभ्या असलेल्या हाताला द्यावा. तिला दस्तरखानावर बसवावे आणि भजी दुसऱ्या कुणीतरी तळावीत. बरकत घरात अशीही येते.