स्वाइप मशीनला बँकेचा नकार: समज कोणते, खरे काय

पौषात यमाईची यात्रा भरते तेव्हा औंधच्या बाजारात लांबलांबून आलेली माणसे असतात. मूळपीठावर दर्शन घेऊन, भवानी संग्रहालय पाहून ती खाली उतरतात, जेवतात, खरेदी करतात, कुणी मुक्काम करतात. बहुतेकांचे यूपीआयवर भागते. पण लॉजचे किंवा मोठ्या खरेदीचे बिल आले की हातात क्रेडिट कार्ड येते. अशा वेळी दुकानदाराकडे मशीन नसेल तर गिऱ्हाईक तरी जाते, नाहीतर उधारी तरी होते. खटाव तालुक्यात असो की पूर्वी औंध संस्थानातच असलेल्या आटपाडी-कुंडल भागात, मशीनसाठी अर्ज करून नकार मिळालेल्या छोट्या व्यावसायिकाला पुढे काय करायचे हे कुणी नीट सांगत नाही. त्या पोकळीत गैरसमज वाढतात.

पहिला समज म्हणजे ‘माझे नाव खराब झाले, आता कुठलीच बँक दारात उभे करणार नाही’. तसे होत नाही. मशीनचा अर्ज म्हणजे कर्जाचा अर्ज नव्हे, आणि तो फेटाळल्याची नोंद सिबिलमध्ये पडत नाही. प्रत्येक बँकेचे जोखमीचे निकष वेगळे असतात. एकीने नाकारलेला धंदा दुसरी घेऊ शकते. फसवणुकीमुळे किंवा कराराच्या गंभीर भंगामुळे ज्याचे चालू मशीन बंद केले गेले, त्याची गोष्ट वेगळी. अशा व्यापाऱ्यांच्या मास्टरकार्डच्या यादीत नाव पाच वर्षे राहते आणि नवी बँक ती यादी पाहते. साध्या नकाराचा या यादीशी संबंध नाही.

मग बँक नाकारते का? हे समजून घेण्यासारखे आहे, कारण इथेच बहुतेकांना अपमान वाटतो. कार्ड घासले की पैसे ग्राहकाच्या बँकेतून कार्ड कंपनीच्या जाळ्यातून मशीन देणाऱ्या बँकेकडे येतात आणि ती ते बहुधा दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या खात्यात टाकते. पण ग्राहकाला त्यानंतरही तक्रार करता येते: वस्तू मिळाली नाही, सेवा झाली नाही, व्यवहार मी केलाच नाही. याला चार्जबॅक म्हणतात. तक्रार खरी ठरली तर पैसे दुकानदाराकडून परत घेतले जातात, आणि तोवर दुकान बंद झाले असेल तर ते बँकेच्या अंगावर येतात. म्हणून आगाऊ रक्कम घेणारे धंदे, म्हणजे यात्रा कंपनी, मंगल कार्यालय, वर्षाची फी एकदम घेणारे क्लास, बँकेला जोखमीचे वाटतात. पेढेवाल्याचा पेढा तिथेच हातात पडतो. यात्रा कंपनीची यात्रा तीन महिन्यांनी निघते. मालक कितीही सचोटीचा असला तरी हा फरक उरतोच.

प्रत्येक धंद्याला कार्ड व्यवस्थेत चार आकडी संकेतांक मिळतो. अर्जात एक व्यवसाय, उद्यम नोंदणीत दुसरा आणि दुकानाच्या पाटीवर तिसराच असेल तर संशय येणारच. तेव्हा नकाराचे कारण लेखी मागावे. कागदातली विसंगती असेल तर ती दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो.

कागदांबद्दलही बरीच भीती आहे. ‘जीएसटी नाही म्हणजे मशीन नाही’ हे खरे नाही. महाराष्ट्रात वस्तूविक्रीला वार्षिक 40 लाखांपर्यंत आणि सेवांना 20 लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती जपून ठेवावी. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. एक अडचण मात्र खरी आहे. आपल्या भागात अनेकांचा सगळा व्यवहार पतसंस्थेत असतो. पतसंस्था ही रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक नव्हे. कार्डाचे पैसे जमा व्हायला बँकेतलेच खाते काढावे, शक्यतो धंद्याच्या नावाने चालू खाते.

‘मशीन फक्त बँकच देते’ हा समज तर सर्वांत महाग पडतो. बँकेखेरीज पेमेंट ॲग्रिगेटर नावाच्या कंपन्या व्यापाऱ्यांना जोडून घेतात. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्ये नियम आणले, आणि सप्टेंबर 2025 च्या निर्देशांत दुकानातल्या समोरासमोरच्या व्यवहारांचाही समावेश झाला. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. सही करण्याआधी नाव तिथे पाहावेच. काही सेवांमध्ये वेगळे यंत्रही लागत नाही, दुकानदाराच्या फोनलाच ग्राहकाचे कार्ड टेकवता येते. 1910 मध्ये बेळगावची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडलजवळ जमीन दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका दारी नकार मिळालेल्या उद्योगाला याच संस्थानात दुसरे दार मिळाले होते, म्हणून हे इथे सांगावेसे वाटते.

खर्चाचे आकडेही ऐकीव असतात. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर 1 जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. इतर डेबिट कार्डांवर, वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर मशीनवरचे शुल्क 0.40 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही: हजार रुपयांवर चार रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथे दर विचारून, घासाघीस करून ठरवावा. डेबिट कार्डाचे शुल्क गिऱ्हाइकाकडून वसूल करणे नियमाला धरून नाही. ‘मशीन आले की कर वाढतो’ असेही म्हणतात. पण आयकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीत रोख विक्रीवर 8 टक्के, तर डिजिटल जमेवर 6 टक्के नफा धरला जातो.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. नकार मिळाल्यावर कुणी शेजारच्या दुकानातून कार्ड घासून घेतो, कुणी ‘जोखमीच्या धंद्यालाही हमखास मशीन’ म्हणणाऱ्या एजंटला आगाऊ पैसे देतो. शेजाऱ्याच्या मशीनवर झालेली विक्री त्याच्या उलाढालीत धरली जाते, कराचा प्रश्न त्याला येतो, आणि चार्जबॅक आला तर पैसे त्याच्या खात्यातून जातात. उघडकीला आले की त्याचे मशीन बंद होते आणि वर सांगितलेल्या यादीत नाव त्याचे जाते. चांगुलपणाने मदत करणाऱ्या माणसाचे यात सर्वांत जास्त नुकसान होते.

लोकपालाकडे जावे का? बँकेने व्यावसायिक निर्णय म्हणून मशीन नाकारले, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल त्यात पडत नाही. मात्र चालू मशीनचे पैसे अडकले, ठरल्यापेक्षा जास्त शुल्क कापले, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते; माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.