बर्नार्डच्या ताऱ्याचे ग्रह: दावा, तपासणी आणि पुरावा

पावसाळा सरताना रावेरच्या पश्चिम आकाशात संध्याकाळी भुजंगधारी तारकासमूह दिसतो. बर्नार्डचा तारा त्यातच आहे. अंतर फक्त ६ प्रकाशवर्षे. पण हा लाल बटू तारा इतका मंद, की दुर्बिणीशिवाय दिसत नाही.

१९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हान दे काम्प यांनी त्याच्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर केले. १९७३ च्या फेरतपासणीत तो दावा टिकला नाही.

शोध मात्र थांबला नाही. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो आणि त्याच्या प्रकाशाचा वर्णपट सरकतो. हे मोजून २०२४ मध्ये एक आणि २०२५ मध्ये आणखी ३ ग्रह निश्चित झाले.

मुलीचे लग्न अडवणाऱ्या पत्रिकेतल्या मंगळाची अशी तपासणी आपण कधी मागितली?