घरचा संगणक : भावाआधी जोड पाहा

मालाचा भाव पारखणे व्यापारी घराण्यांना शिकवावे लागत नाही. परंतु बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात, संगणकाचे सुटे भाग घेताना एकेका वस्तूचा भाव पाडून भागत नाही. ते भाग परस्परांशी जुळले पाहिजेत.

सौद्याचा आरंभ प्रोसेसरपासून करावा, कारण मदरबोर्ड त्याच्या सॉकेटवरून ठरतो. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतील घरगुती प्रोसेसरना एलजीए १७०० लागते, तर एएमडीच्या रायझन ५६००जीला एएम४. सॉकेट जुळले तरी निश्चिंत होऊ नये. ६०० मालिकेच्या जुन्या साठ्यातील बोर्डावर चौदाव्या पिढीचा प्रोसेसर बायोस अद्ययावत केल्यावाचून चालत नाही. ते काम दुकानदाराकडूनच करून घ्यावे. शिवाय बोर्ड डीडीआर४ मेमरीचा की डीडीआर५ चा, हे विचारावे. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असल्याने एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसतच नाही.

खरी फसगत होते ती एका अक्षराने. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असेल, तर तो बहुधा स्वस्त मिळतो. पण त्यात ग्राफिक्सची सोय नसते आणि वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही. टॅलीतील जमाखर्च आणि मुलांचा अभ्यास, एवढ्यासाठी तो जादा खर्च कशाला? रायझन ५६०० आणि ५६००जी यांतही हाच भेद आहे.

काटकसर कॅबिनेटवर करावी (रोषणाई दिवाळीपुरती पुरे!), पॉवर सप्लायवर नव्हे; तो बिघडला तर सोबतचे भागही निकामी होऊ शकतात. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि जोडलेला संगणक दुकानातच सुरू करून पाहावा.