आमचा लिंब का वाळला?

आमच्या घरासमोर एक मोठा लिंब आहे. तो आबांच्या वडिलांनी लावला. उन्हाळ्यात आमची बैलजोडी त्याच्याच सावलीला असते.

मी पहिलीत होतो तेव्हा समोरचा रस्ता उंच झाला. पावसाचे पाणी अंगणात तुंबू लागले. म्हणून बाबांनी ट्रॅक्टरने काळी माती आणून अंगणात २ फूट भर टाकली. लिंबाचे खोडही तेवढे बुजले. आई म्हणाली, "माती मिळाली, आता झाड जोमानं वाढल." सगळ्यांना तसेच वाटले.

मी दुसरीत गेलो तेव्हा काही झाले नाही. तिसरीत असताना पाने बारीक आली आणि शेंड्याच्या फांद्या वाळल्या. बाबांना वाटले, पाणी कमी पडले. म्हणून रोज चार बादल्या पाणी घातले. तर झाड आणखीच खराब झाले.

मी गुरुजींना विचारले. त्यांनी मातीचे कोरडे ढेकूळ पाण्याच्या ग्लासात टाकायला सांगितले. बुडबुडे वर आले! म्हणजे मातीत हवा असते. झाडाची मुळेसुद्धा श्वास घेतात. त्यांना प्राणवायू लागतो. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दीड फुटातच असतात. वर भर टाकली की हवा कमी पोचते आणि मुळे गुदमरतात. काळी माती चिकण असते. ती ओली झाली की हवेच्या जागेत पाणी भरते. शिवाय बुजलेली साल ओली राहून कुजते. झाडात अन्न साठवलेले असते, म्हणून ते लगेच वाळत नाही. दोन-चार वर्षांनी वाळते. तोवर आपण मातीचे विसरून जातो.

ओळखायचे कसे? झाडाचे खोड जमिनीजवळ पसरट असते. ते खांबासारखे सरळ जमिनीत गेलेले दिसले तर समजावे की माती चढली आहे.

सिमेंटनेही असेच होते. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचे १ मीटरपर्यंतचे सिमेंट काढायला सांगितले होते.

या उन्हाळ्यात आम्ही खोडाजवळची माती खुरप्याने हळूहळू काढली. कुदळ मारली नाही, कारण मुळे तुटतात. साल काळी पडली होती. आबा काहीच बोलले नाहीत, नुसता हात फिरवत बसले. मग खोडापासून ३ फुटांवर दगडांचा गोल कठडा रचला. तो थोडा उंच ठेवला, म्हणजे अंगणातले पाणी आत जात नाही.

आता एका बाजूला नवी पालवी आली आहे. दुसरी बाजू अजून वाळलेलीच आहे. लिंब वाचेल का, ते पुढच्या वर्षी कळेल.

पालकांना माझी विनंती आहे. अंगणात भर टाकताना किंवा पार बांधताना झाडाच्या खोडाला माती टेकवू नका. झाडाला बोलता येत नाही, म्हणून मी लिहिले.

— इयत्ता ४ थीचा विद्यार्थी, आखाडा बाळापूर